पार्श्वभूमी : नाव शेवटच्या पायरीवर कोणी नेऊन बसवलं?

समोरचा गृहस्थ कोणत्या बँकेत होता, मुलगी कुठे दिली, कोणाचा मेहुणा, सगळं आठवतं. नाव मात्र ओठांवर येऊन अडतं. या अडण्याचं मोजमाप 1966 मध्ये अमेरिकेत सुरू झालं. विद्यार्थ्यांना क्वचित वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या गेल्या. शब्द सापडत नसतानाही पहिला ध्वनी कोणता आणि शब्द किती अक्षरी आहे, हे ते अंदाजापेक्षा बरंच बरोबर सांगत होते. म्हणजे शब्द पुसला गेलेला नव्हता, त्याचा काही भाग हाती लागत होता.

नाव आठवण्याला वेगळी, सर्वांत शेवटची पायरी असते का, हा आजचा वाद. त्याचं मूळ 1985-86 मध्ये आहे. ब्रिटनमध्ये 22 जणांनी काही आठवडे रोजनिशी ठेवली आणि माणूस ओळखताना झालेली प्रत्येक गफलत टिपली. व्यवसाय आठवला पण नाव नाही, असे प्रसंग भरपूर निघाले. नाव आठवलं पण माणूस कोण ते कळेना, असा एकही नाही. पुढच्याच वर्षी त्यावर एक आराखडा आला: आधी चेहरा ओळखायचा, मग त्या माणसाची माहिती, आणि सर्वांत शेवटी नाव. बाण एकाच दिशेचे. चेहऱ्यापासून नावापर्यंत माहितीला वळसा घालून जाणारी वाटच त्यात नव्हती.

हा आराखडा उपयोगी होता, यात शंका नाही. पण त्यातला तो शेवटचा बाण पाठ्यपुस्तकांनी फार काळ सिद्ध झाल्यासारखा शिकवला, असं माझं स्पष्ट मत आहे. 1987 चा एक प्रयोग बघा. अनोळखी चेहऱ्यांसोबत आडनावं आणि व्यवसाय शिकवले, आणि काही शब्द मुद्दाम दोन्ही कामांना चालतील असे घेतले. मराठीत सांगायचं तर ‘हे सुतार आहेत’ यातला सुतार कधी आडनाव, कधी धंदा. शब्द तोच, ध्वनी तोच. तरीही धंदा म्हणून शिकलेला लक्षात राहिला, आडनाव म्हणून शिकलेला निसटला. धंदा म्हटला की रंधा, भुसा, लाकडाचा वास असं बरंच काही सोबत येतं. आडनावासोबत काहीच येत नाही. 1992 मध्ये काही संशोधकांनी नेमका हाच धागा पकडला. व्यवसाय, गाव, नातं या गोष्टी अनेक माणसांमध्ये सामाईक असतात, म्हणून त्यांना चहूबाजूंनी बळ मिळतं. नाव बहुधा एकाच माणसाला जोडलेलं, म्हणून ते मागे पडतं. त्याला वेगळी शेवटची पायरी देण्याची गरजच नाही.

रुग्णांनी गुंता आणखी वाढवला. 1988 मध्ये इटलीतल्या एका रुग्णाची नोंद झाली. तो वस्तूंची नावं बिनचूक सांगे; माणसं, शहरं, पर्वत यांची नावं मात्र त्याला घेता येत नसत, त्यांचं वर्णन तो नीट करी. नावं नुसती ‘अवघड’ असतात, म्हणून आधी जातात, असं यावर म्हणता आलं असतं. पण मग उलटे रुग्णही सापडले, थोडेच, ज्यांची विशेषनामं शाबूत आणि वस्तूंची नावं गेलेली. 1996 मध्ये तर अल्झायमर झालेल्या एका फ्रेंच बाईंची नोंद आली. त्या काही प्रसिद्ध चेहऱ्यांची नावं घेत, पण ती माणसं कोण हे त्यांना सांगता येत नसे. रोजनिशीत जे एकदाही घडलं नव्हतं, ते इथे घडलं.

त्याच वर्षी मेंदूतली जागाही नकाशावर आली. मेंदूच्या ठरावीक भागाला इजा झालेल्या 127 जणांच्या तपासणीत असं दिसलं की डाव्या शंखखंडाचं (मेंदूच्या कानाजवळच्या भागाचं) पुढचं टोक दुखावलं की माणसांची नावं अडतात. त्यामागचा खालचा भाग दुखावला की प्राण्यांची, आणि अजून मागचा दुखावला की अवजारांची. यावरून ‘नावांचं केंद्र सापडलं’ असं म्हणणं घाईचं होतं. शंखखंडाची पुढची टोकं झिजत जाणाऱ्या स्मृतिभ्रंशात नावांबरोबर अर्थही जातो. म्हणजे या टोकाकडे नावांखेरीज आणखी बरंच काही सोपवलेलं आहे.

वाढत्या वयात नावं अडण्याबद्दल 1991 चं स्पष्टीकरण मला सर्वांत पटतं: माहिती जाग्यावर असते, अर्थाकडून ध्वनीकडे जाणारे दुवे तेवढे सैल होतात. म्हणूनच नावाचा पहिला ध्वनी कोणी सुचवला की उरलेलं नाव पटकन येतं.

अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, शस्त्रक्रियेत या सगळ्याला थेट महत्त्व आहे. डाव्या शंखखंडाचा पुढचा भाग काढल्यावर अनेकांना ओळखीची नावं सापडेनाशी होतात. बारीक तंतूवाटे लेझर नेऊन फक्त आतला भाग निकामी करण्याची पद्धत आल्यावर बाहेरचं आवरण वाचू लागलं. 2015 मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध झाली. कवटी उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी बहुतेकांची चेहरे-वस्तू ओळखण्याची किंवा त्यांची नावं घेण्याची क्षमता घटली होती, लेझरच्या गटात कोणाचीही नाही. आठवणी साठवणारा म्हणून ओळखला जाणारा आतला भाग जळूनही जुनी नावं टिकली होती.