मांजराचे ओरबाडणे आणि फर्निचरचे संरक्षण

पाळीव मांजर पुढच्या पंजांची नखे सोफा, खुर्ची, गालिचा, दाराची चौकट अशा वस्तूंमध्ये रोवून ती जोराने स्वतःकडे ओढते, त्या क्रियेला ओरबाडणे म्हणतात. माणसाला किंवा दुसऱ्या प्राण्याला नखे मारणे, म्हणजेच बोचकारणे, ही स्वसंरक्षणाची वा खेळातली कृती असून तिचा या नोंदीत विचार केलेला नाही. ओरबाडणे ही खोडी किंवा सूडबुद्धी नव्हे. मार्जारकुलातील वाघ-बिबट्यांसारखे प्राणीही झाडांच्या खोडांवर असेच ओरखडे काढतात. त्यामुळे ही सवय मोडण्याचे प्रयत्न सहसा फसतात, मात्र तिची जागा बदलता येते, आणि फर्निचर वाचवण्याचे बहुतेक यशस्वी उपाय याच गोष्टीवर आधारलेले आहेत.

मांजराच्या पुढच्या प्रत्येक पंजाला ५ आणि मागच्या प्रत्येक पंजाला ४ अशी सामान्यतः एकूण १८ नखे असतात. नख केराटिन या प्रथिनाचे बनलेले असून बोटाच्या शेवटच्या हाडावर ते थराथराने वाढते. विश्रांतीच्या अवस्थेत लवचिक बंधांमुळे नखे आत ओढलेली राहतात आणि स्नायू आकुंचन पावून कंडरा ताणल्या गेल्या की बाहेर येतात. मांजर नखांना धार लावते, ही सर्वसाधारण समजूत चुकीची नाही, पण अपुरी आहे. चाकू घासून धार काढतात तसे येथे काही घडत नाही. झिजलेले बाहेरचे आवरण ओढले जाऊन गळून पडते आणि खालचे तीक्ष्ण नख उघडे होते. सोफ्याच्या पायाशी अधूनमधून सापडणारी चंद्रकोरीच्या आकाराची पोकळ टरफले म्हणजे हीच जुनी आवरणे होत. नख तुटले असे समजून घाबरण्याचे कारण नसते. मागच्या पायांच्या नखांची आवरणे मांजर बहुधा दातांनी कुरतडून काढते.

नखांची निगा हे या वर्तनाचे एकमेव कारण नाही. झोपेतून उठल्यावर मांजर उभ्या वस्तूवर पंजे टेकून पाठ, खांदे आणि पुढचे पाय ताणते. शिवाय पंजांच्या तळव्यांवर व बोटांच्या मध्ये गंधग्रंथी असल्यामुळे ओरखड्यांबरोबर गंधही मागे राहतो, आणि अशा रीतीने दिसणारी व हुंगता येणारी अशी दुहेरी खूण तयार होते. हा गंध माणसाला जाणवत नाही, परंतु तो विरत जातो तसे मांजर त्याच ठिकाणी परत येऊन खूण ताजी करते. एकदा ओरबाडलेला सोफ्याचा कोपराच पुन्हा पुन्हा ओरबाडला जातो, त्याचे हे स्पष्टीकरण आहे. खुणा करण्यासाठी मांजर अडगळीतली जागा निवडत नाही. झोपण्याच्या जागेजवळ, दाराशी, वर्दळीच्या वाटेवर त्या केल्या जातात. दिवाणखान्यातील सोफा जड, उंच, खरखरीत कापडाचा आणि घराच्या ऐन मध्यभागी असतो. मांजराच्या दृष्टीने पाहिल्यास याहून सोयीची वस्तू घरात क्वचितच सापडेल.

म्हणून पर्यायी वस्तू देताना सोफ्याचे हे सगळे गुण तिच्यात असावे लागतात. बाजारात मिळणारे पुष्कळ खांब या कसोटीवर उतरत नाहीत: ते बुटके असतात किंवा ओढले की डुगडुगतात, आणि एकदा अंगावर कलंडलेल्या खांबाकडे मांजर पुन्हा सहसा फिरकत नाही. मागच्या पायांवर उभे राहून अंग पूर्ण ताणता येईल इतकी, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक उंची आणि रुंद, जड बैठक या दोन गोष्टी आवश्यक आहेत. मांजरपालकांच्या निरीक्षणांवर आधारित आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निदान ३ फूट उंचीचे साधे उभे खांब व दोरी गुंडाळलेला पृष्ठभाग यांना मांजरांची पसंती अधिक असल्याचे, तसेच खांब वापरल्यावर शाबासकी मिळणारी मांजरे तो अधिक वेळा वापरत असल्याचे दिसून आले. घायपाताच्या जातीतील सिसल या वनस्पतीच्या धाग्यांची दोरी टिकाऊ असून तीत नखे चांगली रुततात. काही मांजरांना मात्र उभा खांब आवडत नाही. गालिचा ओरबाडणाऱ्या मांजराला जमिनीवर सपाट किंवा तिरपा ठेवलेला नालीदार पुठ्ठा अधिक रुचतो. तेव्हा आधी मांजर काय ओरबाडते आणि ते उभे की आडवे, हे पाहून मग वस्तू निवडावी.

नवा खांब प्रथम खराब होत असलेल्या फर्निचरला अगदी लागून ठेवतात. दिसायला बरे वाटत नाही म्हणून तो कोपऱ्यात नेण्याची घाई ही सर्वांत सामान्य चूक होय. मांजर तो नियमितपणे वापरू लागल्यानंतर दररोज थोडे थोडे सरकवत तो सोयीच्या जागी नेता येतो. मांजराचे पंजे धरून ते खांबावर घासू नयेत, कारण बळजबरीने खांबाविषयी नावडच उत्पन्न होते; खांबाशेजारी खेळणे हलवणे किंवा त्यावर कॅटनिप ही सुगंधी वनस्पती चोळणे अधिक उपयुक्त ठरते. कॅटनिपचा प्रभाव आनुवंशिक असल्यामुळे सर्वच मांजरांवर तो दिसत नाही, आणि अगदी लहान पिल्लांवर तर बहुधा दिसतच नाही. झिजून चिंध्या झालेला खांब लगेच फेकून देऊ नये. जुन्या खुणा व गंध यांमुळे मांजराला तोच अधिक आपला वाटतो.

याच काळात फर्निचर तात्पुरते नकोसे करावे लागते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा किंवा घट्ट बसवलेली चादर यांपैकी काहीही चालते, कारण नख रुतले नाही किंवा पंजाला चिकट लागले की मांजर त्या जागेचा नाद सोडते. पर्याय न देता केवळ झाकाझाक केल्यास ते शेजारच्या खुर्चीकडे वळते, एवढेच. लिंबू-संत्र्याच्या वासाची सुगंधी तेले शिंपडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु अशी अनेक तेले मांजरांना विषारी असल्याने तो टाळावा. ओरडणे, मारणे, अंगावर पाणी उडवणे यांतून मांजर एवढेच शिकते की मालक समोर असताना ओरबाडू नये. नवे फर्निचर घेताना सैल विणीच्या कापडाऐवजी मखमलीसारखे घट्ट व गुळगुळीत कापड निवडल्यास आकर्षण कमी होते.

दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोके कापल्यास ओरबाडणे थांबत नाही, परंतु नुकसान घटते. नखाच्या आतील गुलाबी भागात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. त्याच्या अलीकडचे पांढरे टोक तेवढेच कापायचे असते. नखांवर चिकटवण्याच्या मऊ प्लास्टिकच्या टोप्याही मिळतात, मात्र नखाची वाढ व आवरण गळणे यांमुळे त्या साधारण चार ते सहा आठवड्यांत निघून येतात.

नखे कायमची काढण्याची शस्त्रक्रिया हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. तीत केवळ नख नव्हे, तर प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापून टाकले जाते. त्यानंतर दीर्घकाळ वेदना, चालण्यात बदल, शौचासाठी ठेवलेल्या मातीच्या पेटीचा वापर टाळणे, चावण्याची प्रवृत्ती असे परिणाम संभवतात. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठी १९८७ मध्ये झालेल्या युरोपीय कराराने पशुवैद्यकीय कारणाखेरीज ती निषिद्ध ठरवली; अमेरिकेत २०१९ मध्ये न्यूयॉर्क हे तिच्यावर बंदी घालणारे पहिले राज्य ठरले.

एखादे मांजर अचानक पूर्वीपेक्षा बरेच अधिक आणि ठिकठिकाणी ओरबाडू लागले, तर बहुधा घरात काही बदललेले असते: नवे मांजर, नवे माणूस, खिडकीबाहेर येणारा अनोळखी बोका किंवा नुसती सामानाची हलवाहलव. अनेक मांजरांच्या घरात एकच खांब पुरत नाही. असे अनेक खांब वेगवेगळ्या खोल्यांत असावे लागतात. याउलट म्हाताऱ्या मांजराने ओरबाडणे कमी केल्यास फर्निचर वाचते खरे, पण त्यामागे सांधेदुखी असू शकते, आणि न झिजलेली नखे वाकून तळव्याच्या गादीत रुतण्याचा धोका असल्याने अशा मांजराचे पंजे वरचेवर तपासावे लागतात.