बोथट कात्रीचा उजेड

कात्रीची धार गेली की आपण ती धारवाल्याकडे नेतो. सान फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना मात्र बोथट कात्रीच हवी होती. ही कात्री म्हणजे कॅस९, जनुक-संपादनातलं गाजलेलं विकर (एन्झाइम). तिला दोन पाती, डीएनएच्या दोन धाग्यांसाठी एकेक. प्रथिनाच्या साखळीतले १०वं आणि ८४०वं अमिनो आम्ल बदललं की दोन्ही पाती निकामी होतात. पण सोबतच्या आरएनएवर (डीएनएच्या भावंड-रेणूवर) लिहिलेला २० अक्षरांचा, म्हणजे ए, टी, जी, सी अशा डीएनएच्या घटकांचा, पत्ता शोधून तिथे चिकटून बसायची खोड जात नाही.

२०१३मध्ये या संशोधकांनी अशा ‘मृत’ कॅस९ला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं (मूळचं जेलीफिशमधलं) आणि जिवंत पेशीतल्या गुणसूत्रांची टोकं उजळून दाखवली. डीएनएची जागा रंगवून दाखवणारी जुनी पद्धत होतीच, पण त्यासाठी पेशी आधी मारावी लागे, मग तापवून डीएनएचे धागे सुटे करावे लागत. इथे पेशी जिवंत, आणि चमकते ठिपके तिच्यात हलताना दिसतात.

सुरुवातीला टोकंच का? कारण तिथे टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं शेकडो वेळा पुन्हा पुन्हा येतात. एकाच पत्त्यावर दिव्यांची माळ लागते. एरवी एकट्या दिव्याचा निभाव लागत नाही, कारण कुठेच न चिकटलेली कॅस९सुद्धा पेशीभर चमकत फिरत असते आणि त्या धुकट उजेडात ठिपका हरवतो. म्हणून साध्या, पुनरावृत्ती नसलेल्या जागेसाठी शेजारशेजारचे तीसेक वेगवेगळे पत्ते द्यावे लागले. ही या तंत्राची खरी डोकेदुखी.

कॅस१२ए हे विकर याच्या अगदी उलट वागतं. लक्ष्य सापडलं की ते पिसाळतं आणि आसपासचा कुठलाही एकेरी डीएनए तोडत सुटतं. कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीत जीवरसायनशास्त्रज्ञ जेनिफर डाउडना यांच्या गटाने २०१८मध्ये हा पिसाळलेपणाच कामाला लावला. डीएनएच्या एकेरी तुकड्याच्या एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारा. तुकडा तुटला की दोघांची ताटातूट होते आणि नळीत उजेड पडतो. नमुन्यातल्या एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेल्या विषाणूचे प्रकार त्यांनी असेच ओळखले.

दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्र संशोधन संस्थेतल्या देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी तिसरीच कात्री निवडली, फ्रान्सिसेला नावाच्या जिवाणूतली. ही भारी चोखंदळ: पत्त्यातलं एखादं अक्षर चुकलं तरी सहसा बसत नाही. त्यांची ‘फेलूदा’ चाचणी २०२०मध्ये कोविडमुळे माहीत झाली, आणि नाव बंगाली गुप्तहेराचं असल्यामुळे लक्षातही राहिली. पण त्या चोखंदळपणाचा कस त्यांनी सिकलसेलवरही पाहिला होता. गडचिरोली-नंदुरबारकडच्या आरोग्य सेविकांना या आजाराची नवलाई नाही. त्यात हिमोग्लोबिनच्या जनुकातलं फक्त एक अक्षर बदललेलं असतं: एच्या जागी टी.