‘अश्वक’ म्हणजे कसला घोडा?

‘संस्कृत इतकी पवित्र, की तिच्यात कोणाला हिणवायला शब्दच नाही’ असा मजकूर परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. खाली रांगेने जोडलेले हात. मग ‘तो कुत्सित हसला’ असं लिहितो, तो ‘कुत्सित’ काय पोर्तुगीजांनी आणला? धातू ‘कुत्स्’, अर्थ तुच्छ लेखणे. आणि भाषेला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांनी अष्टाध्यायी, म्हणजे पाणिनीचं संस्कृत व्याकरण, उघडलेली नसते. पाणिनीने हिणवण्यासाठी चक्क सूत्र दिलं आहे.

५.३.७४: ‘कुत्सिते’. संपलं सूत्र! हिणवायचं तर नामाला ‘क’ लावा. अश्व म्हणजे घोडा, अश्वक म्हणजे मरतुकडं घोडं. पण आधीच्याच सूत्रात (‘अज्ञाते’) अश्वक म्हणजे कोणाचा कोण जाणे असा घोडा. ५.३.७६, ‘अनुकम्पायाम्’: कीव आली, माया आली, तरी तोच क; पुत्रक म्हणजे बिचारं पोर. पुढे ‘अल्पे’, तैलक म्हणजे थोडंसं तेल. लगेच ‘ह्रस्वे’, वृक्षक म्हणजे बुटकं झाड.

एकाच प्रत्ययात माया आणि हेटाळणी कशी नांदते? डॅनियल जुरॅफस्की या भाषावैज्ञानिकाने १९९६ साली अनेक भाषांतले असे प्रत्यय ताडून पाहिले. त्याच्या मते या सगळ्यांच्या मुळाशी ‘लहान मूल’ आहे. मूल चिमुकलं, म्हणून लाडकं. आणि मोठ्या माणसाला मूल ठरवलं की त्याची किंमत उतरते.

मराठीत हे काम ‘ड’ करतो. जीव लाडाने जिवडा होतो, म्हातारा रागाने म्हातारडा. एवढ्यावर भागलं नाही तर नपुंसकलिंग आहेच: म्हातारडं! त्याच्यापुढे शिवी सौम्य वाटावी.

हा ड जुना आहे. बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने अपभ्रंशाच्या, म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषांमधल्या टप्प्याच्या, व्याकरणात तो ‘स्वार्थिक’, म्हणजे अर्थात भर न घालणारा, म्हणून नोंदवला. मला हे पटत नाही, कारण त्याच व्याकरणातल्या एका दोह्यात बायको मैत्रिणीला सांगते, माझ्या कांताचे दोन ‘दोसडा’ आहेत. दोष नव्हेत, दोसडा, म्हणजे लाडाने सांगितलेले दोष. दान करताना घरात फक्त मी उरले, आणि लढताना त्याच्याकडे फक्त तलवार.