आधीच दुखऱ्या यकृतावर पावसाळी कावीळ

कोकणात पाऊस स्थिरावला, भातलावणी उरकत आली की कुठल्या ना कुठल्या वाडीतून काविळीची बातमी येतेच. मग ठरलेला क्रम सुरू होतो. तेल-तूप बंद, उसाचा रस चालू, आणि कुणीतरी नाव सुचवलेल्या माणसाकडे कावीळ ‘उतरवायला’ जाणं. तिथे हाताला आंब्याच्या आतल्या सालीचा अर्क चोळतात, हात चुन्याच्या पाण्यात धुवायला लावतात आणि पाणी पिवळंधमक होतं. सालीतले घटक चुन्यात पिवळे पडतात, एवढंच. ठणठणीत माणसाचे हात तसे धुतले तरी पाणी पिवळंच होईल. तरी महिन्या-दीड महिन्यात बहुतेक रोगी बरे होतात, कारण दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू निरोगी यकृतातून बहुधा आपणहूनच जातात. श्रेय मात्र चुन्याला. (शेतात राबणाऱ्याची ताप आणि डोळे लाल होऊन आलेली कावीळ लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जीवाणूंच्या आजाराचीही असू शकते. तिला वेळेत अँटिबायोटिक लागतं, तिथे हा खेळ जिवावर बेततो.)

ज्याचं यकृत आधीपासून आजारी आहे, त्याच्या बाबतीत हे ‘आपोआप बरं होणं’ गृहीत धरता येत नाही. वर्षानुवर्षांची दारू, मधुमेहासोबत साचलेली चरबी, किंवा नकळत मुक्कामाला आलेला हिपॅटायटिस बी वा सी, कारण कुठलंही असो, पेशी मरत राहतात, त्यांच्या जागी वण धरतात आणि पुढे सिऱ्हॉसिस होतो. निरोगी यकृताचा अर्ध्याहून जास्त भाग शस्त्रक्रियेत काढला तरी उरलेला भाग काम निभावतो, काही आठवड्यांत वाढतोसुद्धा. सिऱ्हॉसिसच्या रोग्याकडे एवढी शिल्लक नसते. तो चालतो-फिरतो, बाजारहाट करतो, त्याला बघून कुणाला संशयही येत नाही. अशात ए किंवा ई शिरला की थोड्याच दिवसांत कावीळ चढते, पोटात पाणी भरतं, रक्त गोठेनासं होतं आणि माणूस बरळू लागतो. डॉक्टर याला ‘अ‍ॅक्यूट ऑन क्रॉनिक’ लिव्हर फेल्युअर म्हणतात, म्हणजे जुन्या दुखण्यावर यकृत अचानक निकामी होणं. भारतात हिपॅटायटिस ई हे त्याचं एक ठळक कारण आहे.

इटलीतला १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यकृताच्या डॉक्टरांना आजही आठवतो. आधीपासून हिपॅटायटिस सी असलेल्या १७ जणांना वरून हिपॅटायटिस ए झाला. त्यातल्या ७ जणांचं यकृत झपाट्याने निकामी झालं आणि ६ दगावले. पुढच्या सगळ्या अभ्यासांत चित्र इतकं भीषण दिसलं नाही, पण जुन्या यकृतविकाराच्या रोग्याला ए ची लस द्यावी, या सल्ल्याला त्यातून जोर आला.

‘मला लहानपणी कावीळ होऊन गेलीय, आता भीती नाही’ हे वाक्य गावात हमखास ऐकू येतं. ए होऊन गेला असेल तर तो सहसा पुन्हा होत नाही, हे खरं. पण त्याने ई अडत नाही, बी आणि सी तर नाहीच. उलट मुंबईत स्वच्छ पाण्यावर वाढलेल्या चाकरमान्याला लहानपणी ए झालेलाच नसतो. गणपतीला गावी आल्यावर तो विहिरीचं पाणी कौतुकाने पितो, आणि लागण झालीच तर कावीळ दिसते मुंबईला परतल्यावर, दोन ते सहा आठवड्यांनी.

ते पाणी कोकणात कसं बिघडतं, हे जांभा खोदताना पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. जांभा सच्छिद्र आणि भेगाळ. चढावर शोषखड्डा आणि उतारावर विहीर असली की धुवाधार पावसात वरचं पाणी भेगांतून फारसं न गाळताच खाली उतरतं. हे विषाणू जेमतेम ३० नॅनोमीटरचे, त्यामुळे घरच्या कँडल फिल्टरच्या छिद्रांतून ते सहज पार होतात. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वेळच्या वेळी पडायलाच हवी, पण यकृताच्या रोग्याने तेवढ्यावर विसंबू नये. पाणी खळखळून उकळावं.

आता ताटातलं. कालवं, तिसऱ्या, मुळे हे शिंपल्यातले जीव तासन्‌तास पाणी गाळून त्यातले कण खातात. पाण्यात मैला मिसळला असेल तर त्यातले विषाणू त्यांच्या अंगात साठतात. १९८८ साली शांघायमध्ये कच्च्या-अर्धकच्च्या शिंपल्यांतून हिपॅटायटिस ए ची साथ पसरली आणि सुमारे ३ लाख लोक आजारी पडले. मृत्यूचं प्रमाण आधीपासून बी असलेल्यांत बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. आपल्याकडे कालवं कच्ची खायची रीत नाही, हे आपलं नशीब. पण तिसऱ्या वाफेवर उघडल्या की शिजल्या, असं आपण धरून चालतो. शिंपला तोंड उघडतो तेव्हा आतलं मांस पुरेसं तापलेलं असतंच असं नाही. ए मरायला मांसाच्या गाभ्यापर्यंत ९० अंश सेल्सिअसची उष्णता दीड मिनिट पोचावी लागते. म्हणून सुक्यापेक्षा रटरट उकळलेलं सांबारं बरं, निदान या रोग्यासाठी.

खडकावर कोयतीने कालवं काढणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. उबदार खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जीवाणू असतो. तो विषाणू नव्हे, पण यकृत बिघडलेल्या माणसाच्या जखमेतून रक्तात शिरला तर एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. हाताला काप असेल तर अशा माणसाने खाडीत उतरूच नये.

पाण्यातून न येणारे विषाणू गुपचूप वागतात, आणि मला तेच जास्त धूर्त वाटतात. हिपॅटायटिस डी चा शोध १९७७ साली इटलीत मारिओ रिझेट्टो यांनी लावला. याला स्वतःचा अंगरखा, म्हणजे बाहेरचं आवरणच नाही. तो बी चा उसना घेऊन फिरतो, म्हणून बी नसेल तिथे डी ही नाही. दोन्ही एकदमच शिरले तर मोठ्या माणसाचं शरीर बहुतेक वेळा दोघांनाही हुसकावतं. मात्र जुन्या बी वर डी येऊन बसला तर तो सहसा जात नाही, आणि सिऱ्हॉसिस लवकर गाठतो. आपल्याकडे डी तसा कमी आढळतो. तरी बी च्या रोग्याची प्रकृती अचानक ढासळली तर डी ची तपासणी करायला हवी.

बी आणि सी एकत्र असले की वेगळाच प्रकार. बहुतेकदा सी वरचढ ठरतो आणि बी दबून राहतो. आता सी वर गोळ्या आहेत, साधारण १२ आठवड्यांत शंभरातले ९५ किंवा जास्तच रोगी बरे होतात. पण सी गेला की दबलेला बी डोकं वर काढू शकतो, आणि त्यात काहींचं यकृत निकामी झालंय. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१६ साली तसा इशाराच दिला. म्हणून सी च्या गोळ्या सुरू करण्याआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबी कोअर या, बी अंगात आहे का किंवा होऊन गेलाय का हे सांगणाऱ्या तपासण्या करून घ्याव्यात. बी हा यकृताच्या पेशीच्या केंद्रकात दडून बसतो. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिरने तो ताब्यात राहतो, क्वचितच कायमचा जातो. या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून २०१८ पासून बी आणि सी ची तपासणी व औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. सिऱ्हॉसिस, फॅटी लिव्हर किंवा दारूने बिघडलेलं यकृत असलेल्याने ए ची प्रतिपिंडं तपासून, ती नसतील तर लस घ्यावी. नेहमीच्या लसीचे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस असतात. बी च्या लसीला सिऱ्हॉसिसमध्ये शरीर नीट दाद देत नाही, म्हणून डॉक्टर अनेकदा दुप्पट मात्रा देतात आणि शेवटच्या डोसनंतर महिन्या-दोन महिन्यांनी ती लागू पडली का ते रक्त तपासून पाहतात. हे जितकं लवकर तितकं चांगलं, सिऱ्हॉसिस बळावल्यावर लसीचा उपयोग कमी होतो. ई ची लस चीनमध्ये २०११ साली मंजूर झाली, आपल्या लसीकरणात ती नाही. घरात एकाला बी निघाला तर बायको-नवरा, मुलं, भावंडं सगळ्यांची तपासणी करून घ्यावी, आणि ज्यांना लागण किंवा आधीचं संरक्षण नसेल त्यांना बी च्या लसीचे तीन डोस द्यावेत.