नळीवर कव्हर घातलं की गॅस सुरक्षित?

रबरी नळीवर कापडी किंवा प्लास्टिकचं कव्हर चढवलं की ती उंदरांपासून वाचते आणि जास्त टिकते, हा समज घराघरात आहे. तो चुकीचा आणि घातक आहे. चिरा बहुतेकदा टोकांजवळ पडतात, शेगडीच्या नोझलपासून बोटभर अंतरावर, जिथे उष्णताही लागते आणि नळी वाकतेही. कव्हरखाली नेमकं तेच दिसत नाही.

नळी आयएसआय छापाची, आतून तारेची जाळी असलेली केशरी 'सुरक्षा' नळीच घ्या. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, मध्ये जोडही नको. बसवताना रेग्युलेटर बंद ठेवा आणि नळी फिरवत फिरवत ढकला, नोझल पूर्ण झाकेपर्यंत. अर्धवट बसलेली नळी शेगडी सरकवताना निसटते. नंतर रेग्युलेटर चालू करून दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे वाढत गेले, तर गळती आहे. काडी ओढून तपासणं तर कधीच नको.

नळीवर छापलेली मुदत पाहा. साधारण 5 वर्षांनी ती बदलायचीच, वरून कितीही नवी दिसली तरी.

वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि बाहेर जाऊन 1906 या गॅस गळतीच्या हेल्पलाइनवर फोन करा.