सूतगिरण्यांत मुंबई ३० वर्षं पुढे होती, मग जपानच्या ओसाकाने गाठलं कसं?

गंमत बघा, १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि त्याच जुलैत अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी काळी जहाजं घेऊन जपानच्या दारात उभा! जपानला पहिली रेल्वे मिळाली थेट १८७२ ला. गिरण्यांचंही तेच, मुंबईत १८५० च्या दशकातच सूत निघायला लागलेलं, ओसाकाची पहिली मोठी गिरणी १८८३ ची, साडेदहा हजार चात्या (सूत पिळून गुंडाळणाऱ्या फिरत्या काड्या), मशिनं इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीची. आणि तरी १८९७ मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीच्या वर गेली, चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताला टक्कर द्यायला लागली.

लोक लगेच म्हणतात जपानी शिस्तीचे. मला हे उत्तर आळशी वाटतं, त्यापेक्षा चातीकडे बघा.

सूत कातायच्या जुन्या म्यूल मशिनची चात्या बसवलेली सरकती गाडी पुढे येताना धागा ताणून पीळ देते आणि मागे जाताना तो गुंडाळते, आधी हे मग ते, आणि चालवायला मुरलेला कामगार पाहिजे. रिंग नावाच्या नव्या मशिनमध्ये बॉबिनभोवतीच्या कड्यावर तारेची बारकीशी क्लिप गरगर फिरते, पीळ देणं आणि गुंडाळणं एकदमच, न थांबता, नवखी पोरगीसुद्धा लवकर शिकते. पण धाग्यावर ताण जास्त, आखूड धाग्याचा कापूस तटातट तुटतो. ओसाकावाल्यांनी आपल्याकडचा आखूड कापूस आणि अमेरिकेचा लांब धाग्याचा मिक्स केला, आणि म्यूल सोडून रिंगवर गेले. आपल्याला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही हं, नागपूरच्या एम्प्रेस मिलने १८८० च्या दशकातच रिंग लावल्या होत्या, मुंबईतले बरेच मालक मात्र म्यूलच चालवत बसले.

दुसरी गोष्ट सरकारची. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि ओसाकाच्या गिरणीमागचे शिबुसावा यांच्या खटपटीतून मुंबई-जपान जहाज लाइन सुरू झाली, कापसाचं भाडं खाली आलं. १८९६ ला जपानने कच्च्या कापसावरची आयात ड्युटी काढून टाकली, आणि त्याच १८९६ ला इथे इंग्रजांनी आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला, का तर लँकेशायरच्या गिरण्यांना त्रास नको! जपानचेही हात परकीय तहांनी बांधलेले होतेच, जकात स्वतः ठरवायची पूर्ण मोकळीक १९११ ला मिळाली, पण बाकीचे निर्णय तरी त्यांचे ते घेत होते.

आता हे सगळं स्वस्तात झालं का? शेतकऱ्याकडून १८७३ पासून जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के सारा, तोही रोख, पीक येवो न येवो. त्याच घरांतल्या मुली, बापाला उचल देऊन आणलेल्या, गिरणीच्या वसतिगृहात, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, दिवसपाळीची मुलगी उठली की त्याच गादीवर रात्रपाळीची झोपायची. कापसाची धूळ, दमट हवा, दाटीवाटी, टीबी झाला की गावी परत, म्हणजे रोग गावातही. बायकांची रात्रपाळी बंद व्हायला १९२९ उजाडलं.

त्याच १९२९ मध्ये जपानच्या टोयोडाच्या ऑटोमॅटिक मागाच्या पेटंटचे हक्क एका इंग्लिश कंपनीने घेतले. कोणत्या, तर प्लॅट ब्रदर्सने.