द्विधा वर्तन (प्राण्यांमधील)

दोन परस्परविरोधी प्रेरणा एकाच वेळी जाग्या झाल्या, किंवा तीव्र इच्छेच्या वाटेत अडथळा आला, की प्राणी प्रसंगाशी विसंगत वाटणाऱ्या ज्या कृती करतो, त्यांना द्विधा वर्तन म्हणतात. इकडे आड, तिकडे विहीर अशी ही अवस्था असते.

नागपूरकरांना ती पाहण्यासाठी रामटेकचा गड पुरेसा आहे. भाविकाच्या हातातल्या खोबऱ्यासाठी वानर हात पुढे करते, काठी दिसताच मागे घेते, पुन्हा पुढे करते. आणि मधेच, खोबऱ्याशी काही देणेघेणे नसल्यासारखे, मांडी खाजवते किंवा जांभई देते. हाताचे पुढे-मागे होणे ही अर्धवट राहिलेली कृती. खाजवणे हे मात्र ‘विस्थापित वर्तन’, म्हणजे चालू प्रसंगाशी संबंध नसलेली, भलत्याच प्रेरणेची कृती. ती खाज कातडीची नसते: चिंता कमी करणारी औषधे दिल्यावर माकडांचे असे खाजवणे घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

विस्थापित वर्तनाची कल्पना १९४० मध्ये आद्रियान कोर्टलांट व निको टिनबर्गेन या डच शास्त्रज्ञांनी वेगवेगळी मांडली. टिनबर्गेन यांना पुढे १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचा आवडता प्राणी म्हणजे स्टिकलबॅक हा काटेरी पाठीचा छोटा मासा. आपल्या हद्दीत नर शत्रूवर तुटून पडतो, परक्या हद्दीत पळ काढतो. नेमक्या सीमेवर मात्र तो डोके खाली करून वाळू उकरू लागतो, जणू घरटे बांधायची वेळ आली आहे. लढता लढता थबकून जमिनीवर चोच मारणारा कोंबडा हेच करत असतो.

असे का होते? अडलेली ऊर्जा बांध फुटल्यासारखी भलत्या वाटेने वाहते, हे सुरुवातीचे उत्तर. ते आकर्षक होते, पण टिकले नाही. नंतरचे उत्तर असे, की दोन प्रबळ प्रेरणा तुल्यबळ झाल्या की एकमेकींना रोखून धरतात आणि त्यांच्या दडपणाखालची तिसरी, दुबळी प्रेरणा मोकळी होते. ती भलतीच कृती निव्वळ सांडलेली ऊर्जा असती, तर परिस्थिती बदलून तिच्यात फरक पडायला नको होता. प्राणिवर्तनाचे अभ्यासक सेव्हेन्स्टर यांनी १९६१ मध्ये दाखवले, की पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड वाढला की स्टिकलबॅकचे विस्थापित ‘वारा घालणे’ही वाढते. घरट्यातल्या अंड्यांना पंखांनी ताजे पाणी देण्याची ही कृती; तिचे नेहमीचे कारण विस्थापित रूपातही काम करत होते. हा पुरावा मला सर्वांत पटणारा वाटतो.

राग ज्याच्यावर काढता येत नाही त्याला सोडून दुसऱ्यावर काढणे हे ‘पुनर्निर्देशित वर्तन’. वड्याचे तेल वांग्यावर! फाटकाबाहेरच्या कुत्र्यावर भुंकणारा कुत्रा शेजारच्या सोबत्यालाच चावतो, तो असा.

प्रेरणेची कोंडी किती खोल जाते, हे १९१४ मध्ये रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत दिसले. वर्तुळ दिसले की अन्न, लंबवर्तुळ दिसले की नाही, असे कुत्र्याला शिकवले होते. मग लंबवर्तुळ हळूहळू गोल करत नेले. अक्षांचे प्रमाण ९:८ वर येताच शांत कुत्रा केकाटू लागला, उपकरणाला चावू लागला आणि आधी सहज ओळखता येणाऱ्या आकृत्यांतही चुकू लागला.

कोंडी रोजचीच झाली तर वर्तन साचेबंद होते. पिंजऱ्यातला वाघ त्याच पावलांवर फेऱ्या मारतो; बांधलेला घोडा गव्हाणीचे लाकूड दातांत धरून हवा ओढतो; गाय जीभ बाहेर काढून गोल फिरवते. बघे कौतुकाने म्हणतात, ‘पाहा, वाघ कसा ऐटीत चालतोय!’ ती ऐट नाही. क्लब व मेसन या संशोधकांच्या २००३ च्या अभ्यासानुसार, निसर्गात ज्या मांसभक्षकांचा वावर जितका विस्तीर्ण, तितक्या त्यांच्या पिंजऱ्यातल्या फेऱ्या जास्त. नागपुरात गोरेवाडा येथे २०२१ मध्ये सुरू झालेल्या प्राणिउद्यानाच्या सफारीत प्राणी मोकळ्या आवारात राहतात आणि माणसे गाडीत बसतात. या वर्तनाचा विचार केला, तर अशा रचनेचे मोल समजते.

निदान करताना मात्र घाई नको. एकदा जडलेल्या फेऱ्या ऐसपैस आवारात आल्यावरही पुष्कळदा सुटत नाहीत. म्हणून वाघाला फेऱ्या मारताना पाहून आजच्या आवाराला दोष देण्याआधी, तो कुठे वाढला आणि किती काळ कोंडलेला होता, ते विचारावे लागते.